चंद्राक्कांचं दुपारचं जेवण

चंद्राक्कांना उभ्यानं काही खाताना मी कधी पाहिलं नाही. पाणीपुरीच्या गाडीपाशीसुद्धा त्या आधी स्टूल मागत. गाडीवाल्याकडे नसेल तर शेजारच्या पानवाल्याला सांगत, "भैया, जरा वो स्टूल देना, मेरेकू बैठके खाना है." मग पदर आवरून रस्त्याकडे तोंड करून बसत आणि आजूबाजूला उभं राहून घाईघाईनं तोंडात कोंबणाऱ्या सगळ्यांकडे थोड्या दयेनं बघत.

लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादला आले तेव्हा हिमायतनगरच्या एका गल्लीत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला लागलो. माझा नवरा आनंद सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. तसल्या कंपन्या शहरात तेव्हा नुकत्या उगवत होत्या आणि गल्लीत कुणालाच ते काम नेमकं काय असतं ते उमगलं नव्हतं. अक्का खालच्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "त्या दिवशी ड्यूटी लागली होती" एवढंच सांगत आणि विषय तिथंच मिटे.

पहिल्याच आठवड्यात त्या पाण्याच्या मोटारीचं काहीतरी सांगायला वर आल्या. मी ओट्याशी उभी राहून पोळीची सुरळी खात होते.

"काय करायलीस?"

"काही नाही अक्का, दोन घास खाऊन घेते."

"उभ्यानं? कोण पाठीमागं लागलंय का तुझ्या?"

त्यांनी स्वतः ताट काढलं, भाजी वाढली, मला बसवलं आणि माझं संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. मोटारीचं सांगायचं राहूनच गेलं. जाताना म्हणाल्या, "बाई उभ्यानं खाते ना, म्हणून तिला जेवलीस का असं कुणी विचारत नाही. ती जेवते हेच कुणाला दिसत नाही."

हे त्यांचं वेड कुठून आलं ते हळूहळू समजलं. त्यांचं गाव नांदेडच्या बाजूचं, जुन्या निजामी मुलखातलं. घरी शेती, बैल, गडी, येणारा-जाणारा. आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग गडी. "आईला मी ताट घेऊन बसलेली बघितलंच नाही," अक्का सांगत. "ती भाकरी थापायची आणि मधेच एखादा तुकडा तोंडात टाकायची. ती गेली तेव्हा तिच्या नावानं ताट वाढायचं होतं. तर भावानं विचारलं, आईचं ताट कोणतं? घरात कुणालाच सांगता येईना."

मॅट्रिक झाल्यावर मामानं त्यांना हैदराबादला आणलं आणि त्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. कानाला हेडफोन लावून आयुष्यभर त्यांनी या गावची माणसं त्या गावच्या माणसांशी जोडून दिली. त्यामुळे असेल, त्यांच्या आवाजात एक हुकूम होता. भाजीवाल्याला "बोला" म्हणाल्या तरी तो दचकून भाव खरा सांगे.

पहिल्या पगाराच्या दिवशी त्या सुलतान बाजारातल्या एका हॉटेलात एकट्या गेल्या. त्या काळी बायकांना पडद्याच्या फॅमिली रूममध्ये बसवायचे. वेटरनं त्यांना त्या खोपटात बसवलं आणि पडदा ओढला. अक्कांनी तो उघडला. वेटरनं परत ओढला. अक्कांनी परत उघडला. शेवटी मालक आला.

"बहनजी, लोगां देखते."

"देखने दो. मैं चोरी करके नहीं खा रही."

पडदा उघडा राहिला. गावाकडचा कुणी चुलता तेव्हा बाजारात कापड घ्यायला आला होता, त्यानं हे पाहिलं. अक्का सुट्टीत गावी पोचायच्या आधी बातमी पोचली. वडिलांनी पुढं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. "मग?" मी विचारलं. "मग काय? दर पगाराला जायचे. तोच वेटर यायचा. नंतर नंतर तोच पडदा बांधून ठेवायचा."

मी अक्कांना ओळखू लागले तोवर त्यांची नोकरी संपत आली होती. लोक घरातून स्वतःच नंबर फिरवून मुंबई-दिल्ली बोलू लागले होते, प्रत्येक गल्लीत काचेची टेलिफोनची टपरी उभी राहिली होती आणि एक्स्चेंजमधल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी हार घालून घरी आल्या, हार खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "आतापर्यंत लोकांना जोडून दिलं. आता मला जाऊन यायचंय."

"कुठं?"

"लांब. जिथं ट्रंक कॉल लागायला लई वेळ लागायचा तिथं."

नेमकं त्याच सुमारास माझे मोठे दीर श्रीकांतभाऊजी आणि विजयावहिनी इटलीला जायचं म्हणत होते. पुण्यात त्यांच्या ओळखीतलं कुणी ना कुणी परदेशी जाऊन येऊ लागलं होतं. परकीय चलनासाठी पूर्वीसारखी वणवण राहिली नव्हती. मोठ्या ग्रुपबरोबर हाकलून घेणं भाऊजींना पसंत नव्हतं. एक गाडी, एक ड्रायव्हर, आपली माणसं, आपली चाल, अशी प्रायव्हेट टूर त्यांनी ठरवली होती. आम्ही दोघं धरून चार जण झालो. पाचवं कुणी आलं तर सगळ्यांचाच खर्च उतरणार होता. अक्कांच्या कानावर गेलं आणि त्या जिना चढून वर आल्या. "पाचवी मी."

ही बातमी नांदेडला पोचली आणि धाकटा भाऊ दत्ता सकाळच्या गाडीनं दारात हजर झाला. तो शाळामास्तर होता. त्याच्या मुलाला खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळत होती आणि त्यासाठी त्याची भिस्त अक्कांच्या निवृत्तीच्या पैशावर होती. मी खाली दूध द्यायला गेले होते. निघू लागले तर अक्का म्हणाल्या, "बस. यात लपवायसारखं काही नाही."

"अक्का, लोक काय म्हणतील?" दत्ता म्हणाला.

"काय म्हणतील?"

"म्हणतील, भाच्याची फी भरायची सोडून बाई तिकडं फिरायला गेली."

"फिरायला नाही, जेवायला गेली म्हण. खरं ते सांग लोकांना."

"चेष्टा करू नको."

"चेष्टा नाही दत्ता. तुझी फी मी भरली. तुझ्या लग्नाचा मांडव माझ्या पगारावर उभा राहिला. गावच्या घरावरचा स्लॅब माझा. मी कधी बोलले का? तुझं पोरगं हुशार आहे, त्याला कर्ज मिळंल. मला परदेशात जाऊन जेवायला कोण कर्ज देतंय ते सांग."

दत्ता उठला. ताट वाढलेलं होतं, त्याला हात न लावता चपला घालून निघून गेला. अक्का दारापर्यंतही गेल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं ताट पुढं ओढलं आणि जेवायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण घास थांबत नव्हता. वरण, भात, भाजी, सगळं त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं. त्यांचं संपेपर्यंत मी समोर बसून राहिले.

टूरचा हिशोब ठरवायला श्रीकांतभाऊजी आणि वहिनी पुण्याहून आले. बैठक अक्कांच्याच घरात भरली. भाऊजी एका कारखान्यात अधिकारी होते. पोटाला चिमटा घेऊन वर आलेला माणूस, काटकसर हाडात मुरलेली. त्यांनी सगळा खर्च व्यवस्थित मांडून आणला होता. विमान, गाडी, हॉटेलं, तिकिटं, खरेदी. अक्का ऐकत होत्या.

"दुपारच्या जेवणाचं काय?"

"दुपारी काय अक्का, सकाळचा नाश्ता हॉटेलचा असतोच. रात्रीचंही टूरमध्ये धरलंय. दुपारी आपले ठेपले, खाकरे, चिवडा. गाडीतल्या गाडीत उरकायचं. तिकडं रेस्टॉरंटमध्ये नुसतं बसण्याचे पैसे घेतात म्हणे."

"बसण्याचे?"

"हो ना! कॉफी उभं राहून प्यायली तर स्वस्त, खुर्चीवर टेकलं की महाग. लूट आहे सगळी."

अक्कांचा चेहरा असा उजळला की भाऊजी गोंधळले. "म्हणजे तिकडं बसण्याला किंमत आहे म्हणा की! मग ती मी देणार."

"पण अक्का, आपण बघायला चाललोय का खायला?"

"तुम्ही उभ्यानं बघा. मी बसून बघीन. श्रीकांतराव, असं करा, रोजचं दुपारचं जेवण सगळ्यात वर लिहा. त्यातनं उरंल त्यात बाकीचं बसवा."

मग खरी भांडाभांडी झाली. हॉटेलं एक पायरी खालची घ्यायची, व्हेनिसची होडी सोडायची, खरेदी ज्याची त्यानं आपल्या खिशातून करायची, असं करत करत अक्कांनी पाचही जणांच्या दुपारच्या जेवणाचे पैसे काढले. नियमही त्यांनीच घातले. मुख्य चौकात बसायचं नाही, एक गल्ली आत जायचं. "सुलतान बाजारात नाही का, रस्त्यावरच्या दुकानात साडी महाग, आतल्या बोळात तीच स्वस्त." बाहेर भावाचा फळा नसेल तिथं पाय ठेवायचा नाही. एकेक पदार्थ घ्यायचा, पण बसून, सावकाश. जेवणाचे पैसे वेगळ्या पाकिटात राहतील आणि ते पाकीट भाऊजी सांभाळतील.

या सगळ्या वेळात विजयावहिनी आत-बाहेर करत चहाचे कप आणत-नेत होत्या. अक्कांनी त्यांना थांबवलं. "विजया, तुला काय वाटतं?"

"ते म्हणतील तसं."

"त्यांचं म्हणून झालं. तू म्हण."

वहिनी नुसत्या हसल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

तेव्हा इटलीत लिरा चालायचे. साध्या जेवणाचं बिलसुद्धा हजारांत यायचं आणि आम्ही ते दोनदोनदा वाचायचो. अक्का नाही. सुती साडी, वर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट अशा थाटात त्या रोमच्या गल्ल्यांतून भावांचे फळे वाचत फिरत. भाषा येत नव्हती, आकडे येत होते. पहिल्याच दिवशी आमच्या ड्रायव्हरनं गाडी थेट त्याच्या ओळखीच्या एका झगमगीत हॉटेलापुढं उभी केली. दारात गणवेशातला माणूस होता, फळा नव्हता. अक्का गाडीतून उतरल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ उलट्या दिशेनं चालायला लागल्या. आम्ही मागोमाग. ड्रायव्हर हाका मारत राहिला. दोन वळणांवर एक छोटी खानावळ सापडली. कागदाचे टेबलक्लॉथ, भिंतीवर मालकिणीच्या नातवंडांचे फोटो. अक्कांनी खुर्ची निवडली, पर्स मांडीवर घेतली, रुमाल पसरला आणि अशा बसल्या जणू काही हे टेबल त्यांच्याच नावानं राखून ठेवलं होतं. पाण्याची बाटली आली तेव्हा त्यांनी ती परत केली आणि हवेतच नळ फिरवल्याची खूण केली. मालकीण मोठ्यानं हसली आणि नळाच्या पाण्याचा जग भरून घेऊन आली.

असे चार-पाच दिवस चाललं. भाऊजी कुरकुरत, पण जेवत. वहिनी भाऊजींनी मागवलेलंच मागवत आणि त्यांचं आवडलं नाही तर स्वतःची ताटली त्यांच्याकडे सरकवत. अक्का ते पाहून ठेवत.

फ्लॉरेन्सला पोचलो त्या दिवशी थंडी होती. सकाळी बाजारात भाऊजींना चामड्याचं एक जाकीट आवडलं. त्यांनी ते घालून पाहिलं, काढलं, पुढं गेले, परत आले. अखेर घेतलं. त्यांना ते खरोखर शोभत होतं आणि आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी इतकं महाग काही घेतलं नसावं. दुपारी आम्ही एका चर्चच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा त्यांनी पिशवीतून खाकऱ्याचा डबा काढला.

"आज इथंच बसू. काय सुंदर जागा आहे!"

"पाकीट?" अक्कांनी विचारलं.

भाऊजींनी जाकिटाची चेन वर-खाली केली. "आजचं आणि उद्याचं जरा यात गेलं. पुण्याला गेल्यावर देईन ज्याचे त्याला. एक-दोन दिवस कोरडं खाल्लं तर काय बिघडतं?"

"जाकीट चांगलं आहे," अक्का म्हणाल्या. "पण ते पैसे जेवणाचे होते."

"अक्का, आता तुम्ही एवढ्यातेवढ्यावरून..."

"एवढंतेवढं असतं तर तुम्ही दुसऱ्या खिशातनं काढले असते."

त्यांनी आवाज चढवला नाही. समोरच्या गल्लीत एक खानावळ दिसत होती. त्या पायऱ्या उतरून सरळ तिकडं गेल्या. दारातल्या वेटरनं बोट वर करून विचारलं, एकच? त्यांनीही बोट वर केलं.

आम्ही चौघं पायऱ्यांवर. भाऊजींनी डबा उघडला आणि पहिला खाकरा वहिनींपुढं धरला. वहिनींनी तो घेतला, मोडला. मग मांडीवरचे तुकडे झटकून उभ्या राहिल्या.

"कुठं निघालीस?"

"जेवायला."

"अगं, पैसे?"

"माझ्या बांगड्यांसाठी ठेवलेले आहेत. नकोत मला बांगड्या."

आणि त्या गेल्या. लग्नाला वीस-पंचवीस वर्षं झालेली माझी जाऊ, नवऱ्याच्या 'कुठं निघालीस'ला पाठ दाखवून परक्या शहरातला रस्ता ओलांडताना मी पाहिली. मीही उठले. आनंद माझ्याकडं पाहून "हो, हो, जा" असं काहीतरी पुटपुटला.

आम्ही पोचलो तेव्हा अक्कांनी वहिनींना स्वतःशेजारी बसवलेलं होतं. मेन्यू वहिनींच्या हातात होता.

"मला नाही समजत यातलं. तुम्हीच सांगा ना अक्का."

"मलाही नाही समजत. पण तूच सांगायचं."

वहिनींनी मेन्यू वरून खाली वाचला, खालून वर वाचला. वेटर पेन्सिल घेऊन उभा. मला वाटलं, आता रडणार. मग त्यांनी आजूबाजूच्या टेबलांवर नजर फिरवली. खिडकीशी एक म्हातारा खोलगट ताटलीतून काहीतरी दाट, वाफाळतं खात होता, मान खाली घालून, अगदी मन लावून. वहिनींनी त्याच्याकडं बोट केलं. "ते."

तेवढ्यात बाहेर गडबड झाली. पायऱ्यांवर बसून खायला मनाई होती. एका पहारेकऱ्यानं भाऊजींना आणि आनंदला डब्यासकट उठवलं होतं. दोघं काचेबाहेर येऊन थांबले. भाऊजींचं नवं जाकीट, हातात स्टीलचा डबा, आणि आत यावं की नको असा चेहरा. मला त्यांची कणव आली. अक्का उठल्या, दार उघडलं.

"या आत. थंडी आहे. पण आज विजया मागवणार, आणि तिचं आधी येणार."

भाऊजी येऊन बसले. डबा त्यांनी खुर्चीखाली ठेवला. वहिनींची ताटली आली. त्यांनी पहिला चमचा घेतला, आणि आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पालेभाजी, घेवड्याचे दाणे आणि त्यात शिजून मऊ झालेला शिळा पाव. अक्कांनी त्यातला एक चमचा चाखला आणि टेबलावर हात मारला.

"अगं, ही तर वरणात कुस्करलेली शिळी भाकर! इतके पैसे घेऊन हे आम्हाला आमचंच खाऊ घालायलेत!"

खिडकीतला म्हातारा वळून पाहू लागला इतके आम्ही हसलो. वहिनींनी ताटली मात्र कुणाला दिली नाही. भाऊजींनी सवयीनं हात पुढं केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं मागवा." शेवटचा थेंबसुद्धा त्यांनी पावानं पुसून खाल्ला. परत निघेपर्यंत भाऊजी अक्कांशी फारसं बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे काढून पाकिटात घातले आणि एक गल्ली आत जाऊन फळा वाचायला लागले.

हैदराबादला परतल्यावर गल्लीतल्या बायका अक्कांना विचारायला आल्या, काय काय पाहिलं? अक्कांनी चर्च सांगितली नाहीत, पुतळे सांगितले नाहीत. कुठल्या खुर्चीतून काय दिसत होतं ते सांगितलं. दत्ता वर्षभर आला नाही. त्याच्या मुलाला कर्ज मिळालं, कॉलेजही मिळालं. नंतर एका दिवाळीला तो मुलाला घेऊन आला आणि अक्कांनी दोघांना वाढलं. माफी कुणी मागितली नाही.

पुढं आनंदची बदली बंगलोरला झाली. अक्का गेल्याचं मला दत्तानंच फोनवर कळवलं. हृदयविकाराचा झटका होता. "दवाखान्यात पथ्याचं ताट आलं तर नर्सशी भांडली," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आम्ही शहर सोडायच्या महिन्यात, बेगमपेटच्या विमानतळावर. विजयावहिनी पुण्याहून एकट्या आल्या होत्या, आणि त्या दोघी इजिप्तला निघाल्या होत्या. दोघीच. मी सोडायला गेले होते. दारातल्या शिपायानं दोन्ही पासपोर्ट उलटसुलट करून पाहिले.

"अम्मा, साथ में मर्द कौन है?"

"क्यों?" अक्का म्हणाल्या. "सामान तुमकू उठाना है?"

शिपाई ओशाळला. वहिनी भर दारात, तोंडाला पदर न लावता, खळखळून हसल्या. मग त्यांची ट्रॉली एका बाजूला ओढू लागली. अक्कांनी तिला बुटानं एक ठोकर मारली, ती सरळ झाली. दार सरकलं. वहिनी मला हात करायला वळल्या, तर अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढं ढकललं. त्या स्वतः मागं वळल्या नाहीत. गर्दीत त्यांचा पांढरा अंबाडा थोडा वेळ दिसत राहिला, रांग मोडून पुढं घुसणाऱ्या एका सुटातल्या माणसाला त्या काहीतरी सुनावत होत्या, आणि तो मागं सरत होता.